आखाताचं क्षेपणास्त्र-कवच: बोलणी म्हणजे वेळकाढूपणा?

दोहाकर: काल इथे एकाने लिहिलं, "आखातातल्या सहा देशांनी (सौदी, अमिराती, कतार, कुवेत, बहरीन, ओमान) पैसा ओतून एकच क्षेपणास्त्र-कवच उभारावं, इराणशी बोलणी हा वेळकाढूपणा." वाचून डोकं फिरलं. २३ जून २०२५ ला मी कतारमध्ये, दोह्यातच होतो. आधी हवाई हद्द बंद झाल्याची बातमी आली, मग आभाळात केशरी ठिपके आणि काचांची थरथर. धाकटी ओट्याखाली जाऊन बसली, हातात पोळीचा तुकडा तसाच. अल उदैद या इथल्या अमेरिकी तळावर आलेली इराणची बहुतेक क्षेपणास्त्रं पाडली, कबूल. पण इराणने आधी कळवलं होतं. ते कळवणं म्हणजे बोलणंच ना?

रडारवाला: ते मीच लिहिलं होतं. मुलीचं वाचून वाईट वाटलं, पण निरोप आला म्हणून क्षेपणास्त्रं पडत नाहीत, पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने पाडली. जानेवारी २०२२ मध्ये येमेनच्या हूती बंडखोरांच्या हल्ल्यात अबुधाबीत तीन माणसं गेली, त्यांत दोन भारतीय. तेव्हा कोणी कळवलं होतं? एप्रिल २०२४ ला इराणने इस्रायलवर तीनशेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, त्यांतली बहुतेक इस्रायलसोबत अमेरिका, ब्रिटन, जॉर्डन यांनी वाटेतच पाडली. कवच असं चालतं.

दोहाकर: एकमेकांना माहिती दिली म्हणूनच चाललं! इथे सौदी, अमिराती, बहरीन यांनी २०१७ ते २०२१ कतारची नाकेबंदी केली होती. ज्याने तुमची वाट अडवली त्याला रडारवरचं चित्र लगेच द्याल? आणि ९ सप्टेंबर २०२५ ला इस्रायलने दोह्यावरच हवाई हल्ला केला, तेव्हा कुठे होतं कवच?

सोलापूरकर: माझा भाऊ तिथे लेबर कॅम्पात आहे. जूनच्या त्या रात्री ठेकेदाराने एक शब्द कळवला नाही. खोलीत आठ जण, धमाके ऐकून पलंगांमध्ये दाटीवाटीने बसले. गावाकडून मीच फोन करून सांगितलं की हल्ला झालाय.

रडारवाला: विषय भरकटतोय. पैसे कमवायला गेलं की धोका आलाच.

सोलापूरकर: शब्द मागे घ्या. घराच्या कर्जासाठी गेलाय तो, हौसेने नाही.

दोहाकर: भरकटत कुठे? अब्जावधी डॉलरचं रडार इशारा देतं आणि तो कॅम्पात पोचतच नाही. आमच्या इमारतीतही रखवालदाराला आम्हीच उठवलं. तो बिचारा खाली पार्किंगमध्ये झोपला होता.

रडारवाला: बरं, तो शब्द मागे घेतो. आणि सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सहाही देशांचे संरक्षणमंत्री दोह्यात बसले, क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारी सामायिक व्यवस्था लवकर उभी करायचं ठरलं. म्हणजे आधी आपसात बसावं लागतं, एवढं मानतो. इराणच्या शब्दावर मात्र माझा विश्वास नाही.

दोहाकर: विश्वास माझाही नाही. म्हणूनच इराणशी फोन चालू ठेवा म्हणतोय.

सोलापूरकर: ती पूर्वसूचना भावाच्या फोनवर हिंदीत येणार का, तेवढं कोणाला माहीत असेल तर सांगा.