टोकनावर मत मोजणाऱ्या नेटवर्कला स्वायत्त म्हणावे का?

प्रश्न: ब्लॉकचेनला, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या सामायिक नोंदवहीला, मालक नसतो, तिचे नियम ती चालवणारेच ठरवतात, असे सांगितले जाते. परंतु जेथे मताचे वजन टोकनांवरून, म्हणजे साखळीवरच्या डिजिटल नाण्यांवरून, ठरते, तेथे एखाद्याने टोकनेच विकत घेतली तर ही स्वायत्तता उरते कोठे? असे प्रत्यक्षात घडले आहे काय?

उत्तर १: घडले आहे. स्टीम या साखळीचा (ब्लॉकचेनचा) कारभार टोकनधारकांनी निवडलेले २० ‘विटनेस’, म्हणजे नोंदी करून साखळी चालवणारे, पाहत. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट ही संस्थापक कंपनी घेतली आणि तिच्याकडची, मतदानासाठी न वापरण्याचे आश्वासन असलेली टोकनेही त्यांच्या हाती आली. विटनेसनी सॉफ्ट फोर्क (जुन्या नियमांशी जुळता नियमबदल) करून ती गोठवली. त्यावर २ मार्चला काही मोठ्या एक्सचेंजनी (टोकनांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांनी) ग्राहकांनी ठेवलेली टोकने मतदानासाठी गुंतवली, म्हणजे मताचा हक्क मिळावा म्हणून साखळीत अडकवली, आणि सन यांच्या बाजूने पडलेल्या या मतांनी विसाच्या वीस विटनेस बदलले गेले. अशी गुंतवलेली टोकने मोकळी व्हायला १३ आठवडे लागत, त्यामुळे ज्यांची ती टोकने होती त्यांच्यावरच पैसे अडकण्याची वेळ आली. ठेवीदारांच्या पैशांवर पतसंस्थेची निवडणूक लढवावी, तसाच हा प्रकार.

उत्तर २: पतसंस्थेची उपमा अर्धीच लागू पडते, कारण सहकारात भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते. साखळीवर माणसाची ओळख पटत नाही, एकच जण हजार खाती उघडू शकतो, म्हणून मत नाण्याला द्यावे लागते. शिवाय वीस जणांनी कोणाची तरी मालमत्ता न विचारता गोठवली, हेही मला स्वराज्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता: मग शेवटी जिंकले कोण?

उत्तर १: दोन साखळ्या झाल्या. जुन्या मंडळींनी २० मार्च २०२० रोजी हाइव्ह ही नवी साखळी सुरू केली. बहुतेकांच्या शिलका तिकडे नेल्या, मात्र कंपनीचा वाटा वगळला. मे महिन्यात स्टीमच्या नव्या विटनेसनी हार्ड फोर्क (जुन्या नियमांशी न जुळणारा नियमबदल) करून विरोधकांच्या खात्यांतील दोन कोटींहून अधिक टोकने काढून घेतली; तेव्हा उत्तर २ मधील आक्षेप दोन्ही बाजूंना लागू होतो, हे मान्य करावे लागेल. हाइव्हने पुढे एक साधी अट घातली, जी मला सर्वांत शहाणपणाची वाटते: नव्याने गुंतवलेल्या टोकनांना विटनेसच्या निवडीत मत मिळण्यासाठी ३० दिवस थांबावे लागते. २ मार्चसारखा एका रात्रीतला डाव त्यामुळे साधत नाही.