सव्वा किलोमीटरवरचं नेट आणि बेताच्या पैशातला गेमिंग पीसी

नवखा_गेमर

मंडळी, प्रश्न दोन आहेत पण पाकीट एकच, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

पहिलाच पीसी जुळवतोय. १०८०पीवर खेळायचं, बहुतेक ऑनलाइन शूटर, मधूनमधून एखादा मोठा गोष्टीवाला गेम. यादी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, वायफायवाला बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड.

घरी तारेचं नेट नाही, येण्याची चिन्हंही नाहीत. मोबाइल डेटावर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, मिलीसेकंदात) कधी ४०, कधी ३००. कोपऱ्यावरून वळायच्या आधीच मी मेलेला असतो. भावाकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे. त्याचं घर नकाशावर सरळ रेषेत १.२५ किमी. गच्चीवरून दुर्बिणीने त्याची पाण्याची टाकी दिसते, मध्ये एक झाड थोडं आडवं येतं.

माझा बेत असा: पीसीला जास्त पॉवरचा यूएसबी वायफाय डोंगल, त्यातून १० मीटर केबल वर नेऊन गच्चीवर अँटेना. भावाकडे पत्र्याच्या डब्याचा घरगुती अँटेना आणि एक 'गेमिंग' राउटर. हे सगळं धरलं तर ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६५०० एक्सटीवर उतरवावं लागतंय. चालेल का? आणि एवढ्या अंतरामुळे पिंग किती वाढेल?

---

रविवारचा_स्नायपर

भावाकडेच राहायला जा. पिंग शून्य, जेवण फुकट.

(गंमत हं. जाणकार येतीलच.)

---

खांबावरचा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच चुकीच्या जागी जातात.

१.२५ किमी कापायला रेडिओ लहरीला साधारण ४ मायक्रोसेकंद लागतात. मिलीसेकंद नव्हे. जाऊन-येऊन धरलं तरी एका मिलीसेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आत. २००७ साली व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांच्या चमूने वायफायवर ३८२ किमीची लिंक जोडून दाखवली, दोन्ही टोकं उंच डोंगरांवर. अंतर सोडा.

पिंग बिघडतं ते दोन ठिकाणी. एक हवेत: पॅकेट (डेटाचं छोटं गाठोडं) पोचलं नाही की रेडिओ ते पुन्हा पाठवतो, आणि आसपास वायफायची गर्दी असेल तर आपली पाळी येईपर्यंत गप्प बसतो. दुसरं, आणि जास्त छळणारं, भावाच्या राउटरवर. तिकडे कुणी व्हिडिओ अपलोडला लावला की बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग साचते आणि तुमचं गेमचं इवलंसं पॅकेट तिच्या शेपटीला. बफरब्लोट म्हणतात तो हाच. 'गेमिंग' राउटरचे लखलखते अँटेने त्याबाबतीत काडीचं काम करत नाहीत. एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असलेला राउटर लागतो. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा थोडा जुना असला तरी हरकत नाही. त्यात केक (रांग लावायची एक पद्धत) निवडा आणि वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडायचा, रांग आपल्या ताब्यात ठेवायची.

आता डोंगल. बारीक आरजी-५८ केबलमध्ये २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे जवळजवळ १ डेसिबल जातो. १० मीटरला १० डेसिबल, म्हणजे दहातले नऊ भाग पॉवर केबल तापवण्यात गेली. शिवाय जास्त पॉवरचा डोंगल म्हणजे तुम्ही ओरडताय आणि पलीकडचा कुजबुजतोय. त्याचं तुम्हाला ऐकू यायला नको का? म्हणून रेडिओच वर न्यायचा आणि खाली लॅन केबल आणायची. तिला १०० मीटरपर्यंत काही होत नाही.

दोन्ही टोकांना ५ गिगाहर्ट्झचा आउटडोअर सीपीई घ्या, अँटेना आणि रेडिओ एकाच डबीत असलेला. हिशेब करून बघा: ५.८ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरात साधारण ११० डेसिबल हवेत विरतात. २० डीबीएम (सिग्नलची ताकद) पाठवले, दोन्हीकडे १६ डीबीआयचे (अँटेनाने मिळणारी वाढ) अँटेने, तर २० + १६ + १६ − ११० = उणे ५८ डीबीएम. उणे ६५ पर्यंत निवांत. किती पॉवर आणि कोणते चॅनेल चालतात हे देशागणिक बदलतं, तेव्हा सेटिंगमध्ये देश खरा तोच निवडा. चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ पुरे. ८०च्या मोहात पडलात तर गोंगाटही दुप्पट गोळा होतो.

आणि ते झाड. 'थोडं आडवं येतं' हे मला आवडलेलं नाही. लहर दोऱ्यासारखी जात नाही, तिला मध्ये फुगवटा असतो, फ्रेनेल झोन. तुमच्या लिंकच्या मध्यावर ५.८ गिगाहर्ट्झला त्याची त्रिज्या ४ मीटर, आणि त्यातला किमान ६० टक्के भाग मोकळा हवा. टाकी दिसते म्हणजे लिंक लागेल असं नाही. झाड तुमच्यापासून किती दूर आहे ते सांगा.

पीसीचं दुसरं कुणी बोलेल. मी एवढंच म्हणतो की वायफायवाला बोर्ड घेऊ नका. पीसीला लॅनची केबलच येणार आहे.

---

सोल्डरवाली

डब्याच्या अँटेनाची कुणी टर उडवू नका, मी केलेत आणि चालतात. २.४ गिगाहर्ट्झसाठी डब्याचा व्यास ७३ ते ९५ मिमीच्या मध्ये हवा. त्याहून बारीक डब्यात लहर आत शिरतच नाही. आत ३१ मिमीची तांब्याची तार, एन कनेक्टरवर सोल्डर केलेली. ती बंद बाजूपासून किती दूर बसवायची हे व्यासावर ठरतं: ८३ मिमीच्या डब्यात ६२ मिमी, ९० मिमीच्या डब्यात ५१ मिमी. इथेच लोक अंदाजपंचे भोक पाडतात आणि मग डब्याला शिव्या घालतात.

पण गेमसाठी नको. २.४ वर गर्दी फार, डब्यात पावसाचं पाणी साचतं, आणि राउटर तर घरातच राहणार, म्हणजे पुन्हा ती लांब केबल. शिकायला म्हणून एखाद्या रविवारी जरूर करा.

---

थर्मल_पेस्ट

पीसीचं मी घेतो. ६५०० एक्सटीवर उतरू नका. त्याला ४ जीबी मेमरी आणि पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातली डेटाची वाट) चारच लेन. उद्या कुणी स्वस्तात जुना बी४५० बोर्ड गळ्यात मारला तर तिथे पीसीआयई ३.०, म्हणजे त्या चार लेनचाही वेग अर्धा. वर ६५०० एक्सटीत हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडर नाही, गेम रेकॉर्ड करायला गेलात तर सगळा भार प्रोसेसरवर. ६६००ला ८ जीबी, आठ लेन, आणि भूक १३२ वॅटची.

कात्री दुसरीकडे चालवा: वायफायवाला बोर्ड, काचेचं कॅबिनेट, दिवे, प्रोसेसरचा वेगळा कूलर (५६००सोबत येतो तो पुरतो). एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र हात लावायचा नाही. नाव-गाव नसलेला '६०० वॅट' घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा ५५० वॅट घ्या.

रॅम १६ची एक कांडी नको, ८च्या दोन घ्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवा. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय, चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम वर्षभर २१३३ किंवा २४००वर धावते आणि मालकाला पत्ताच नसतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात. ५६००ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, बोर्डावरच्या एचडीएमआयमध्ये लावली तर पडदा काळाच राहील.

---

नवखा_गेमर

सगळ्यांचे आभार. म्हणजे ६६०० वाचलं!

@खांबावरचा, झाड माझ्या गच्चीपासून ३०० मीटरवर आहे. शेंडा नेमका रेषेत येतोय. तोडता येणार नाही, दुसऱ्याच्या जागेत आहे. भाऊ म्हणतोय त्याच्या टाकीवर पाइप चढवू, सोपं पडेल.

---

खांबावरचा

भावाला सांगा, टाकीवरून उतर. झाड तुमच्या बाजूला आहे, उंची तुमच्याकडेच वाढवा. तुम्ही ३ मीटर वर गेलात तर झाडापाशी रेषा जवळपास २.३ मीटर वर जाते. त्याने तेवढाच पाइप चढवला तर तिथे जेमतेम पाऊण मीटर. ३०० मीटरवर फ्रेनेलची त्रिज्या ३.४ मीटर, तिचे ६० टक्के म्हणजे २ मीटर. तेव्हा तुमच्याकडचा ३ मीटर पाइप काठावर पास होतो. झाड वाढणार आहे, ४ मीटर लावा आणि ताण-तारा बांधा, नाहीतर वाऱ्यात रेडिओ डोलतो आणि सिग्नलही.

चढवण्याआधी दोन्ही रेडिओ टेबलावर शेजारी ठेवून, पॉवर कमी करून, जोडून घ्या. शिडीवर उभं राहून पासवर्ड टाइप करायची वेळ आणू नका. अंतराची सेटिंग ऑटोवर किंवा १.३ किमीवर ठेवा. ती कमी असेल तर पोच वाटेत असतानाच रेडिओ पॅकेट हरवलं समजून पुन्हा पाठवतो.

जुळवताना सिग्नल एकदा वाढला म्हणून लगेच नट आवळू नका. अँटेनाला बाजूलाही छोटे लोब (सिग्नलचे कमजोर झोत) असतात, त्यातल्या एकावर लोक थांबतात. डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा, सगळ्यात मोठं शिखर शोधा, मग वर-खाली.

बऱ्याच सीपीईला २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई (लॅन केबलमधूनच वीज) असतो. केबलमध्ये ही वीज सोडणाऱ्या इंजेक्टरला दोन भोकं असतात, त्यातलं पीओई लिहिलेलं रेडिओकडे, लॅन लिहिलेलं पीसीकडे. उलट झालं तर नव्या बोर्डाचा लॅन पोर्ट जायचा. बाहेरची केबल शील्डवाली आणि उन्हात टिकणारी घ्या, घरात शिरायच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. पाइपला अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर. वीज कडाडायला लागली की पीसीची केबल काढून ठेवा, अर्थिंग असलं तरी.

---

नवखा_गेमर

लागलं! ४ मीटर पाइप, सिग्नल उणे ६१, भावाच्या राउटरपर्यंत पिंग २ ते ३. रॅमही ३२००वर धावतेय, तपासली.

एकच अडचण: रात्री वहिनी फोटोंचा बॅकअप लावतात तेव्हा गेममध्ये पिंग १८०. लिंकवरचं पिंग तेव्हाही ३च असतं. भावाच्या राउटरमध्ये एसक्यूएम दिसत नाही, आणि तो कंपनीने दिलेला असल्यामुळे बदलताही येत नाही.

---

खांबावरचा

लिंकवर ३ आणि पुढे १८० म्हणजे रांग फायबरच्या तोंडाशी आहे, रेडिओचा दोष नाही. कंपनीचा राउटर राहू द्या. त्याच्या मागे ओपनडब्ल्यूआरटीचा एक राउटर लावा, आणि भावाच्या घरातलं वायफाय व तुमचा सीपीई दोन्ही त्याच्या मागे घ्या. कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. एक फोन जरी थेट त्याला जोडलेला राहिला तरी त्याचा अपलोड केकला दिसणार नाही. अगदी जुना राउटर उचलू नका, १०० एमबीपीएसला केक चालवताना त्याच्या प्रोसेसरला घाम फुटतो. बॅकअप चालू असताना पुन्हा मोजा आणि आकडा इथे टाका.