हलक्या पायावर गाडी हिसके देते, पी०१२१ कोड: टीपीएस (थ्रॉटल पोझिशन सेन्सर) बदलायचा का?

प्रश्न
पेट्रोल इंजिन, केबलवरचा थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप). ॲक्सिलरेटर जरासा दाबला की हिसके, पूर्ण दाबला की सुरळीत. आयडल (पाय काढलेला असतानाचा) आरपीएम कधी ८००, कधी १२००. टीपीएसच्या सिग्नलमधली गडबड सांगणारा हा कोड पुसला तरी दोन दिवसांत परत येतो. टीपीएसच्या सिग्नलला थ्रॉटल बंद असताना ०.६ आणि पूर्ण उघडल्यावर ४.४ व्होल्ट मिळतात. म्हणजे सेन्सर ठीकच ना?

प्रतिसाद १
दोन्ही टोकं बरोबर आली म्हणून मधला रस्ता बरोबर असेलच असं नाही. सेन्सरच्या आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर एक पत्ती घासत फिरते. गाडी बहुतेक वेळ हलक्या पायावर चालते, म्हणून पट्टा झिजतो तो सुरुवातीच्या भागात. तुमची लक्षणंही तिथलीच आहेत.

इग्निशन ऑन, इंजिन बंद. कनेक्टर लावलेलाच ठेवा, सिग्नल वायरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा, मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला. समोरून जाड प्रोब खुपसू नका. टर्मिनल सैल होतं आणि नवीनच दुखणं मागे लागतं. आता थ्रॉटल हाताने इतका हळू उघडा की १०-१५ सेकंद लागावेत. व्होल्टेज सलग चढलं पाहिजे. ०.९, १.०, मग एकदम ०.३ आणि लगेच १.२ असं दिसलं तर पट्टा तिथे गेलाय.

प्रतिसाद २
साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, क्षणभराची खोट त्यात दिसतच नाही. काट्याचा मीटर किंवा स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण) उत्तम. थ्रॉटल फिरवताना सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका, मग हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा बघा. थंड असताना पास होणारा सेन्सर गरम झाल्यावर पकडला जातो.

प्रतिसाद ३
सेन्सरवर शिक्का मारण्याआधी उरलेल्या दोन वायरी तपासा. एकीवर ५ व्होल्ट हवेत. दुसरी ग्राउंड, तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त नको. ग्राउंड कमकुवत असेल तर सिग्नल वर सरकतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) थ्रॉटल उघडा वाटतो आणि आयडल बिघडतं. नवा सेन्सर घालूनही फरक पडत नाही तो यामुळेच. ५ व्होल्टच कमी भरले तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा. कुणीतरी एक ती लाइन खाली ओढत असतो.

प्रश्नकर्ता
ग्राउंड ०.०२, पुरवठा ५.०. काट्याच्या मीटरवर १.१ व्होल्टच्या आसपास काटा दर वेळी पडतोय. नवा बसवताना काय बघू?

प्रतिसाद १
मग सेन्सरच. बदलण्याआधी थ्रॉटलचा दांडा हलवून बघा, त्यात सैलपणा असेल तर नवाही लवकर झिजेल. स्क्रूची भोकं लांबट असतील तर स्क्रू ढिले ठेवून, बंद थ्रॉटलला मॅन्युअलमधला आकडा येईपर्यंत सेन्सर फिरवा, मग आवळा. थ्रॉटल कुठवर मिटतो ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावू नका.

प्रतिसाद ३
हे सगळं केबलवाल्यासाठी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन ऑन असताना थ्रॉटलच्या पाकळीत बोट घालू नका, मोटर ती अचानक मिटवू शकते.