विषय: डेझीचं बी झाकायचं की नाही? (तातडीचं)

माई:
मंडळी, ट्रे भरून तयार आहे, आज पेरायचंच. पुडी मागच्या वाटपातली, वर फक्त "हंगामी डेझी, मिश्र" एवढंच. अण्णा म्हणतात माती टाका, वहिनी म्हणतात अजिबात नको. कोणीतरी एकाने ठरवा बाई.

अण्णा:
झाकाच. उघडं बी वाळतं नाहीतर पाण्याबरोबर कोपऱ्यात जाऊन बसतं. दोन-तीन मिलिमीटर माती पुरे.

वहिनी:
अण्णा, तुमचं डायमॉर्फोथेका, माझं ब्रॅकिस्कोम. दोन्ही डेझीच, पण ब्रॅकिस्कोमचं बी धुळीसारखं. ते ओल्या मातीवर भुरभुरवून तळहाताने नुसतं दाबायचं. 18 ते 21 अंशांत एक ते तीन आठवड्यांत उगवतं. माई, पुडी पांढऱ्या कागदावर ओता. पातळ पंखाचं चपटं बी आणि खडबडीत काडीसारखं बी असं दोन्ही दिसलं तर ते डायमॉर्फोथेका. काड्या कचरा समजून फेकू नका, त्याही त्याच फुलातल्या. चपटं मधल्या चकतीतलं, काडी कडेच्या पाकळ्यांची. चपटं आधी रुजतं, एवढाच फरक.

बापूकाका:
रुजतं हो सगळं. पुढे रोपं कोलमडतात त्याचं बोला! आमच्याकडे कोंब आल्यावरही ट्रेवरचं झाकण काढू देत नाहीत, रोपांना थंडी वाजेल म्हणे. मग बुंधा मातीलगत तपकिरी, दोऱ्यासारखा होतो आणि सकाळी अख्खी रांग आडवी. बुरशी ती. कोंब दिसला की झाकण काढा, पाणी खालून ताटलीत द्या, वर चढलं की उरलेलं ओतून टाका. आणि दाट पेरू नका.

सचिव:
नम्र विनंती. विषयात "तातडीचं" हे हॉलच्या कामांपुरतंच ठेवायचं ठरलंय. दुसरं, ते ट्रे मंडळाचे आहेत, रोपं बाहेर लावून झाली की परत यावेत.

अण्णा:
मंडळाचे? मागच्या समितीला विचारा कोणी आणले ते.

माई:
ओतलं कागदावर. चपटं आहे, काड्या आहेत, शिवाय धूळही आहे! आता?

वहिनी:
मग बारीक चाळणीने चाळा. वर राहील ते झाका, खाली पडेल ते उघडं. दोन ट्रे करा, दोन्ही भरपूर उजेडात, नाहीतर रोपं लांबुडकी होतात. बाहेर मात्र शेवटचं धुकं-दहिवर नव्हे, शेवटचा हिमकडाका गेल्यावरच. आणि डायमॉर्फोथेका हॉलपुढच्या वाफ्यात नको. ऊन गेलं की ती फुलं मिटतात. संध्याकाळच्या कार्यक्रमाला सगळा वाफा झोपलेला, आणि बोल मला.

बापूकाका:
झोपलेला नव्हता, ढगाळ होतं त्या दिवशी. ढगातही मिटतात.

सचिव:
वाफ्याचा निर्णय समिती घेईल. दुसऱ्या ट्रेचं कोणाला विचारलंत?

अण्णा:
ट्रेच्या तळाला निळ्या पेनाने "अ" लिहिलंय. उलटे करून बघा. माई, तुम्ही नको, तुमचा भरलाय.