मदत हवी आहे: हायब्रिड गिटारला कोणत्या तारा लावाव्यात?

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. माझ्या गिटारमध्ये ब्रिजखाली पिएझो (कंपनांच्या दाबातून आवाज टिपणारा पिकअप) आणि गळ्याजवळ मॅग्नेटिक पिकअप (चुंबकाने पोलादी तारांची हालचाल टिपणारा) आहे. गणेशोत्सवात भावगीतांना साथ करायचीय, त्यामुळे अकूस्टिकचा गोडवा हवाच. पण फॉस्फर ब्राँझच्या तारा लावल्या की मॅग्नेटिकवर जाड तारा दबतात (त्याला आतलं पोलादच कळतं, वरचं ब्राँझ नाही) आणि बारीक दोन तारा कानाला टोचतात. निकेलच्या लावल्या तर आवाज समतोल येतो, पण पिएझोवरची झळाळी जाते, आणि ती मला फार प्रिय आहे.

मॅग्नेटिक पिकअपच्या पोल पीसचे (प्रत्येक तारेखालच्या चुंबकीय टोकाचे) स्क्रू खालीवर करून कोणाला हे जमलंय का? आउटपुट स्टिरिओ आहे, म्हणजे दोन्ही पिकअपचे आवाज वेगवेगळे काढता येतात. मग पिएझो डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) मिक्सरला आणि मॅग्नेटिक वेगळा अ‍ॅम्पला द्यावा का? इंदुरात नीट सेटअप करून देणारं कोणी असेल तर तेही कळवा.