'मूल्य', 'मोल' की 'देणं'? खाजणाचं काय म्हणायचं

खाडीकाठ: खाजणासारख्या, म्हणजे खाडीकाठच्या भरतीचं पाणी येणाऱ्या, पाणथळ जागांपासून माणसाला जे मिळतं त्याचा पैशातला हिशेब सांगणारी एक पुस्तिका मराठीत करतेय. ह्या मिळण्याला इंग्रजीत 'इकोसिस्टिम सर्व्हिसेस' म्हणतात, त्यांच्या हिशेबाला 'परिसंस्था सेवांचे आर्थिक मूल्य' लिहिलं आणि दापोलीकडच्या एका गावात बायकांना वाचून दाखवलं, तर एक आजी तिसऱ्या शिंपल्यांची पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे खाजण विकायला काढलंय?" सेवा शब्दही पटेना त्यांना, खाडी काय कुणाची चाकरी करते? तेव्हापासून अडलेय.

मीठागर: सेवा काढूनच टाका ताई. 'खाडीचं देणं' लिहा.

शब्दवेडा: देणं म्हणजे कर्जसुद्धा, उलटा अर्थ होईल. 'परिसंस्था सेवा' रुळलाय, परिभाषा एकच हवी, नाहीतर प्रत्येक गावाला वेगळी पुस्तिका काढावी लागेल. आणि मूल्य म्हणजे विक्रीची किंमत नव्हे. १९९७ साली अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात जगातल्या परिसंस्थांचं वर्षाचं मूल्य सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढलं, ते पृथ्वी विकण्यासाठी नव्हतं.

रापण: आजींना डॉलर कशाला सांगायचे? आमच्या बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाणी अडवायच्या दाराची, फळी कुजली, भरतीचं पाणी शेतात चढलं, पुढे दोन पावसाळे भात धड आलं नाही. बांधापुढची तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, आधीच तोडलेली, ती असती तर लाटेचा मार त्यांनी खाल्ला असता, मग तेवढ्यासाठी दगडी बांध घालायला जो खर्च येईल तेवढा तिवरांनी वाचवला असं धरायचं, अर्थशास्त्रवालेही असंच मोजतात. ह्याला 'राखण' म्हणा. आणि मूल्य नको, मोल.

मीठागर: मोलाने आणलं म्हणजे विकतच आणलं की हो! मोलमजुरीतलं मोल म्हणजे पैसाच.

रापण: आणि अनमोल? ते कुठल्या पैशातलं?

खाडीकाठ: राखण छान आहे, पण तिवरांच्या मुळांत कोळंबीची, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात ते राखणीत कसं बसवू? शिवाय तळकोकणात राखण म्हणजे राखणदार देवाला दिलेला कोंबडा.

माडाची सावली: सगळ्यांनाच तिवर काय म्हणताय? तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कांदळाला कमानीसारखे पाय असतात, चिपी आणखी वेगळी. पांढरी चिपी तर २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. पुस्तिकेत ह्या सगळ्या झाडांना मिळून 'कांदळवन'च हवं.

शब्दवेडा: बरोबर, आणि खाजणाला 'खारभूमी' लिहा, कायद्यातही तोच शब्द आहे.

रापण: कायद्यात असू दे, खारभूमी म्हटल्यावर मला शेत आठवतं, बांध घालून मिळवलेलं. खाजण म्हणजे भरती आत येते ती जागा. खार आणि अंगण मिळून खाजण झालं असं आमचे आजोबा सांगायचे.

शब्दवेडा: अंगणातला 'ज' कुठून आला मग?

रापण: ते आजोबांना विचारायचं राहिलं. पण आमची आजी सगळ्याच झाडांना तिवर म्हणायची, कांदळ तिच्या तोंडी कधी ऐकला नाही, ती चुकली का?

माडाची सावली: चुकली कशाला, तुमच्याकडे तिवरच जास्त असतील. कुठली खाडी तुमची?