बाथटबवर बसलेला क्षारांचा थर कसा काढावा?

प्रश्न
दोन महिन्यांपूर्वी आम्ही पुण्यात भाड्याच्या घरात राहायला आलो. आईचे गुडघे दुखतात आणि कोमट पाण्यात थोडा वेळ बसले की तिला आराम पडतो, म्हणून बाथरूममधला टब पाहून आम्हाला फार बरे वाटले होते. परंतु सोसायटीला बोअरचे पाणी येते आणि टब बराच काळ कोणी नीट धुतलेला दिसत नाही. त्याच्या कडेने खरखरीत पांढरा थर बसला आहे, नळाखाली नारिंगी ओघळ आहे आणि भिंतीलगतच्या सिलिकॉनच्या पट्टीवर काळे ठिपके पडले आहेत. भांड्यांच्या साबणाने दोनदा घासूनही फरक पडला नाही. दुकानदाराने संडास साफ करण्याचे ॲसिड सुचवले आहे, पण टब घरमालकांचा असल्याने धीर होत नाही. काय करावे?

उत्तर १
ते ॲसिड कृपया वापरू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. क्षार जातील, पण नळाचा आणि पाणी जाण्याच्या जाळीचा क्रोमचा मुलामाही त्याबरोबर जाईल.

आधी टब कशाचा आहे ते पाहा. लोहचुंबक चिकटला तर तो इनॅमल चढवलेला लोखंडी टब आहे. चिकटला नाही आणि बोटाने ठोकल्यावर प्लास्टिकसारखा बद्द आवाज आला, तर बहुधा ॲक्रिलिकचा. ॲक्रिलिकवर तारेची घासणी, घासण्याची पावडर, थिनर किंवा ॲसिटोन यांपैकी काहीही चालत नाही.

मळाचे थर दोन असतात. वरची चिकट साय ही साबण आणि पाण्यातले कॅल्शियम यांच्या संयोगाने बनते. ती कोमट पाणी आणि भांडी घासायचे लिक्विड यांनी निघते. तिच्याखालचा पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यावर साबणाचा काहीच परिणाम होत नाही, त्याला सौम्य आम्लच लागते. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, त्यात जुने सुती फडके भिजवून थरावर चिकटवून ठेवा आणि २० मिनिटांनी मऊ स्पंजाने पुसून भरपूर पाण्याने धुवा. टब इनॅमलचा निघाला तर पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण आम्लाने त्याची चकाकी जाते. नारिंगी ओघळ पाण्यातल्या लोहाचा आहे, तोही बहुधा यानेच फिका पडेल.

उत्तर २
वरील सल्ला योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की, पुष्कळ जण खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात. फेस छान येतो, पण सोडा आम्लाला मारतो आणि क्षारांसाठी काही उरत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. लोहचुंबक चिकटला नाही, म्हणून लिंबूसत्त्वाचेच पाणी केले. फडके उचलले तेव्हा थर ओल्या चुन्यासारखा मऊ झाला होता आणि स्पंज फिरवताच खाली गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग दिसू लागला. नळाखालच्या जाड पट्ट्यावर मात्र तीन वेळा फडके ठेवावे लागले. ओघळ जवळजवळ गेला आहे. काळे ठिपके तसेच आहेत.

उत्तर २
ते ठिपके बुरशीचे आहेत. लिंबूसत्त्वाचा अंश राहू नये म्हणून टब पुन्हा स्वच्छ धुऊन घ्या आणि दुसऱ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून व हातमोजे घालून, पाणी मिसळलेल्या ब्लीचमध्ये बुडवलेल्या कापसाच्या वाती पट्टीवर तासभर ठेवा. तरीही ठिपके राहिले तर बुरशी सिलिकॉनच्या आत उतरली आहे असे समजावे. मग घरमालकांना विचारून पट्टी ब्लेडने कापून काढणे आणि बुरशीरोधक सिलिकॉन नव्याने भरणे हाच उपाय उरतो. भरताना टब पाण्याने भरलेला ठेवा, कारण वजनाने तो किंचित खाली बसतो आणि फट पूर्ण उघडते. रिकाम्या टबात भरलेली पट्टी पुढे आई टबात बसल्यावर ताणली जाऊन सुटेल. सिलिकॉन सुकेपर्यंत, म्हणजे किमान २४ तास, ते पाणी सोडू नका.